असू दे, लागंल!

राणीसावरगावात एखादी वस्तू टाकून देणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. ती मोडली आहे हे आधी घराला पटावं लागतं. मग ती दुरुस्त होणार नाही हे गल्लीला पटावं लागतं. एवढं सगळं पार पाडून तुम्ही ती हातात घेऊन उकिरड्याकडं निघालात, की ओसरीवर लसूण निवडत बसलेली कुणीतरी बाई मान वर न करता म्हणते, “असू दे की रं, लागंल!” कशाला लागंल, असं विचारायचं नसतं. विचारलंच तर ती म्हणते, “ते लागल्यावर कळंल.” या उत्तरावर अजून कुणाला पुढचा प्रश्न सुचलेला नाही.

त्यामुळं आमच्याकडं वस्तू मरत नाहीत, त्यांची बदली होते. प्लास्टिकच्या बकेटीचंच बघा. बाजारातून आली की पहिली काही वर्षं तिचा मान मोठा. तिच्यात पिण्याचं पाणी, तिच्यावर झाकण, तिला उष्टा हात लागलेला चालत नाही. काठाला चीर गेली की ती न्हाणीत येते. दांडी तुटली की गोठ्यात, सरकी-पेंड भिजवायला. बुडाला भेग पडली की शेण भरायला. शेण गळत नाही, हा त्याचा मोठेपणा. आणि बूडच गेलं, की ती परसात शेवग्याच्या कोवळ्या रोपाभोवती शेळीपासून राखण करत उभी राहते. शेवगा वाढतो, बकेट त्याच्या बुंध्यात अडकते, आणि पुढं घरातलं लहान पोर विचारतं की झाडाला ही बांगडी कुणी भरली. जुनी म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’. घरातल्या सामानापुरती ती ‘नहीं तो परसात’ अशी वाचावी.

हे सगळं काटकसर म्हणून चाललेलं होतं तोवर त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. ते सुशोभीकरण झाल्यावर मात्र घरात भांडणं सुरू झाली.

मुळात परस ही शोभेची जागा नव्हती. न्हाणीचं पाणी जिथं जिरतं तिथं चमकुरा, म्हणजे पुण्याकडच्यांचा अळू. त्याला लागून केळ, केळीच्या आडोशाला कर्दळ, भिंतीला दोडक्याचा वेल, कोपऱ्यात कढीलिंब. फुलं होती, पण ती देवाच्या खात्यावर. जास्वंद, कण्हेर, तगर ही रोजची, आणि नवरात्रात रेणुकादेवीला जाताना न्यायला झेंडू. एखादं फूल नुसतं बघायला झाडावर राहू दिलं, तर माय म्हणायची, “वाळवून काय करायलास? देवाला तरी वाहा.” कुंडी म्हणून जी एक वस्तू होती ती डालड्याचा डबा. १९३७ साली हे वनस्पती तूप बाजारात आलं आणि पुढं त्यानं महाराष्ट्रातल्या तुळशींची निवासाची सोय केली. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. आतलं तूप संपलं की बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, माती भरायची, तुळस लावायची. बाहेर ताड, आत तुळस. एका डब्यात दोन झाडं, आणि त्यातलं ताडाचं झाड पाण्यावाचून तुळशीपेक्षा जास्त दिवस टिकायचं.

शोभा म्हणावी अशी गोष्ट आमच्याकडं एकच होती, ती रानात. बुजगावणं. फुटकं मडकं, बाभळीच्या दोन काठ्या, आणि आबांचा किंवा दादाचा जुना सदरा. सदरा कुणाचा घालायचा यावरून मान-अपमान होत. आमच्या एका चुलत्यांचा सदरा त्यांना न विचारता बुजगावण्याला घातला, तर ते धुऱ्यावर येऊन बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “हा माझ्यापेक्षा बरा दिसायलाय.” पाखरांना या माणसाचं भय चार दिवस वाटतं, पाचव्या दिवशी चिमण्या त्याच्या खांद्यावर बसून ज्वारी निवडतात. मग कॅसेटचा काळ संपला आणि घरोघरच्या पेटीत पडून राहिलेल्या भजनाच्या, लग्नातल्या बँडच्या कॅसेटी बाहेर आल्या. आतली तपकिरी फीत ओढून काढायची आणि पिकावरून या काठीपासून त्या काठीपर्यंत ताणायची. वाऱ्यावर ती उन्हात चमकते आणि घूं घूं वाजते. घरात कधी धड न वाजलेल्या कॅसेटी रानात बऱ्या वाजल्या.

रानडुकरं आणि रोही वाढल्यावर जुन्या साड्या बाहेर पडल्या. आमच्या भागात आता हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या रानाभोवती साड्यांचं कुंपण दिसतं. लांबून बघितलं तर सगळ्या शिवारात लग्न लागलंय. हेतू एवढाच, की हलतं कापड बघून जनावर बिचकावं. पण साडी निवडण्याचं काम गड्यामाणसांनी केलं की घात होतो. दादानं एकदा पेटीतली “जुनीच दिसतीय” म्हणून जी साडी नेली, ती वहिनींच्या साखरपुड्याची निघाली. रानडुकराला कोणती साडी कोणत्या कार्यातली हे कळत नाही. वहिनींना बांधावरूनच कळलं.

वहिनी नांदेडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात परसात उभं राहून म्हणाल्या, “इथं केवढी जागा आहे!” हे वाक्य आमच्या घरात आधी कुणी उच्चारलं नव्हतं. आम्हाला तिथं सामान दिसत होतं. जागा पहिल्यांदा त्यांनाच दिसली. मग त्यांच्या मोबाईलवर एकेक व्हिडिओ येत गेला. टाकाऊ टायरचा राजहंस. फुटक्या माठाची पायऱ्यापायऱ्यांची बाग. जुन्या बुटात सदाफुली. माय शेजारी बसून बघायची आणि प्रत्येक व्हिडिओ संपला की विचारायची, “आणि मग तेच्यात लावलं काय?” सदाफुली, असं उत्तर आलं की तिचा रस संपायचा.

हंसापासून सुरुवात झाली. मोटारीचं टायर एका अंगानं कापून उलटं फिरवायचं, त्याची मान वर काढायची, आत माती भरायची. व्हिडिओत हे काम तीन मिनिटांत होतं, कारण त्यात टायर उलटं फिरवताना दादाचं कुल्ल्यावर आपटणं कापून टाकलेलं असतं. रंगासाठी वेगळे पैसे घालणं कुणाला मान्य नव्हतं, म्हणून पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग घेतला. हंस भगवा झाला, चोच निळी झाली. आबा पोथी बाजूला ठेवून परसात आले, हंसाला एक फेरी घातली आणि विचारलं, “याला खांदेमळणी केली का?”

पावसाळ्यात आशाताई आल्या. त्यांच्या हातात वही आणि डोळ्यांत संशय. आमच्याकडं आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साचलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, पाळायला सांगतात, तो पाळला जातोय का हे बघायला त्या घरोघर फिरतात.

“वहिनी, हे टायर कशाला ठेवलंय?”

“हंस आहे तो.”

“हंस असू द्या. पोटात पाणी आहे त्याच्या.”

“मातीच भरलीय की आत.”

“माती बसली खाली. वर बघा.” त्यांनी वाकून टायरच्या कडेतलं पाणी चमच्यानं काढलं आणि वहिनींच्या डोळ्यांपुढं धरलं. पाण्यात बारीक बारीक वळवळ चालली होती. “ही घ्या, तुमच्या हंसाची पिल्लं.”

आशाताईंचं बरोबर होतं. डेंग्यूचा डास घाण पाण्याच्या नादी लागत नाही, त्याला घरगुती, स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. आणि टायरच्या आतल्या वळणात जे पाणी अडकतं ते कसंही उपडं केलं तरी थोडं राहतंच. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून तो आठवड्याचा कोरडा दिवस. वरून त्या डासाची अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी लागलं की पुन्हा सुरू. म्हणजे हा डासही ‘असू दे, लागंल’ याच पंथातला. त्याच्या जवळच्या भाऊबंदानं, एशियन टायगर नावाच्या डासानं, तर जुन्या टायरांत बसून समुद्र ओलांडला आहे; जपानकडून आलेल्या टायरांबरोबर तो अमेरिकेत पोचला आणि १९८५ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या आसपास पहिल्यांदा त्याची वसाहत सापडली. वहिनींनी हे ऐकून हंसाला बुडाशी भोकं पाडली आणि कडेपर्यंत माती ठासली. त्यात त्यांनी पिटुनिया लावला. आठ दिवसांनी तिथं लसणाची पात उगवलेली दिसली. मायनं काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पिठल्यावर पात आली, सगळ्यांनी खाल्ली.

मग मनी प्लांट. तो म्हणे पारदर्शक बाटलीत, नुसत्या पाण्यात वाढवायचा, म्हणजे मुळ्या दिसतात. बाटली उंच मानेची आणि जाड काचेची हवी. आता आमचे आबा माळकरी. आमचा गंगाखेड तालुका हा संत जनाबाईचा. इथं माळ घातलेल्या माणसाच्या घरात तशी बाटली येण्याचा मार्गच नाही. तेलाचे डबे आहेत, काढ्याच्या बाटल्या आहेत, पण त्या बुटक्या. शेवटी बाटली आणायचं काम माझ्याकडं आलं. गावात रिकामी बाटली मागणं हे भरलेली मागण्यापेक्षा अवघड. भरलेली मागणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मी एका टपरीवाल्याला बाजूला घेऊन म्हणालो, “रिकामी पाहिजे, झाड लावायला.” तो म्हणाला, “सगळे आधी असंच म्हणतात, भाऊ.”

बाटली आली, कोमट पाण्यात भिजवून तिचं लेबल काढलं, चिंचेनं घासली, खिडकीत ठेवली. आबांनी विचारलं, “ही कसली?” वहिनी म्हणाल्या, “तेलाची.” आबांचं समाधान झालं. पण बाटलीला लेबल लागत नाही हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं; जाणकाराला अंगयष्टी पुरते. तेव्हापासून घरी येणाऱ्या पाव्हण्यांचे दोन गट पडले. जे विचारतात, “ही बाटली कुठली हो, छान आहे,” ते निष्पाप. जे तिच्याकडं एकदा बघून लगेच छताकडं बघतात, त्यांची ओळख आम्हाला पटते. अहमदपूरकडचे एक सोयरे मात्र चहा पिता पिता सरळ म्हणाले, “आबा, या तेलाचा भाव लई वाढलाय आता.” राहिला मनी प्लांट. तो चोरून आणला तरच फुलतो, असा समज आहे. आम्ही तो कुठून आणला ते सांगत नाही, कारण तिथं आमचं एक काम अजून अडकलेलं आहे.

बाग करायची म्हणजे नुसती भांडी जमवून भागत नाही, आत माती लागते. आणि आमची माती हे वेगळंच प्रकरण आहे. तालुक्याच्या दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर, तिकडं मुरमाड माळ. खाली उतरलं की काळीभोर. या काळीचं कौतुक शाळेच्या पुस्तकात असतं. कुंडीतली काळी माती पुस्तकवाल्यांनी कधी सांभाळलेली नसावी. बेसॉल्टचा खडक झिजून झालेली ही चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हानं आकसते. रानात तिला भेगा पडतात. पृष्ठभागावरची माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर येते. म्हणजे ही जमीन हळूहळू स्वतःच स्वतःला खालीवर करत असते. रानात ते ठीक. कुंडीत काय होतं? एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की मातीचा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटतो. भोवताली बोटभर फट. मग तुम्ही प्रेमानं तांब्याभर पाणी घालता, ते फटीतून सरळ खाली जातं, बुडाच्या भोकातून बाहेर येतं, आणि तुम्हाला वाटतं झाड पोटभर प्यालं. आत मुळाशी ठणठणाट. नर्सरीतून आणलेली वहिनींची पहिली रोपं अशीच गेली. कुंडी उपडी केली तर आतून कुंडीच्याच मापाची वीट निघाली. दादानं ती वीट गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून लावली. लागली.

यावर उपाय साधा आहे: काळी माती कमी, शेणखत भरपूर, आणि उरलेली जागा वाळू किंवा बारीक मुरमाला. तरी एक दुखणं राहतंच. आमच्या मातीत चुनखडी जास्त, त्यामुळं लोह असून झाडाला मिळत नाही. गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कुणीतरी सांगितलं, कुंडीत गंजके खिळे पुरा. घरात आनंदीआनंद झाला. कित्येक वर्षं डब्यात साठवलेल्या वाकड्या खिळ्यांना अखेर काम मिळालं. गुलाब मात्र पिवळाच. चुनखडीच्या मातीत गंज विरघळत नाही, त्यामुळं ते लोखंड झाडाच्या कामाचं नाही. त्यापेक्षा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात अगदी थोडं मिसळून पानांवर फवारलं की पानं हिरवी होतात. खिळे मायनं उकरून काढले आणि परत डब्यात ठेवले.

कृषी विद्यापीठ जिल्ह्याच्या गावाला, परभणीला. १९७२ साली स्थापन झालेलं, २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाचं. त्या विद्यापीठानं ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी देशाला दिली, जी आली तेव्हा केवडा रोगाला दाद देत नव्हती. मायला विद्यापीठाबद्दल आदर आहे तो या भेंडीमुळं. तिनं फुटक्या निळ्या टिपाडात भेंडी लावली आणि वहिनींना म्हणाली, “बघ, याला शोभा म्हणतात. फूलबी पिवळं येतंय आणि भाजीबी होतीय.” भेंडीचं फूल खरोखर देखणं असतं, आत गडद जांभळा ठिपका. त्याचा फोटो वहिनींनी टाकला तर मैत्रिणींनी विचारलं, ही कोणती विदेशी जात.

एका बाबतीत मात्र मायचा कायदा कडक. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही भक्कम, कितीही रंगीत असला तरी त्यात काही लावायचं नाही, पाणी भरायचं नाही, घरात आणायचा नाही. तीनदा खंगाळायचा, भोकं पाडायची, पुरायचा. ‘असू दे, लागंल’ हे शब्द तिनं आयुष्यात एवढ्या एका वस्तूबद्दल उच्चारलेले नाहीत. वहिनींच्या एका व्हिडिओत अशाच कॅनमध्ये कोथिंबीर लावलेली होती. मायनं मोबाईल पालथा ठेवला.

पाण्याचं म्हणाल तर, शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. त्या उन्हाळ्यात बाग हा शब्द उच्चारायचीही चोरी होती. त्यानंतर घरात आरओचं यंत्र आलं. ते जेवढं पाणी शुद्ध करतं त्याहून जास्त मागच्या नळीनं फेकून देतं. फेकलेलं पाणी बघून मायच्या जिवाची जी तगमग झाली, त्यातून आमची सिंचन योजना उभी राहिली. रानातल्या ठिबकची फुटकी नळी, कापसाच्या बोंडांबरोबर उंदरांनी चाखलेली, परसात फिरवली आणि यंत्राला जोडली. उंदरांनी पाडलेली भोकं झाडांपाशी येतील अशा बेतानं झाडंच हलवली.

गावात बागेचं लोण पसरलं ते मात्र संडासाच्या भांड्यांमुळं. स्वच्छ भारत अभियानात घरटी बारा हजार रुपये मिळत. बांधकामं जोरात झाली आणि कुठं माप चुकलं, कुठं भांड्याला तडा गेला, कुठं रंग पसंत पडला नाही. बाद झालेली ती पांढरीशुभ्र भांडी बरेच दिवस भिंतींना टेकून होती. पहिल्यांदा कुणी धीर केला माहीत नाही, पण एका अंगणात त्यात गुलबक्षी फुलली. मग एकेक करत आली. आता शहरातला पाव्हणा गल्लीतून चालला की आधी फुलं बघून हसतो आणि मग भांडं बघून थबकतो.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण चंदीगडच्या रॉक गार्डनमध्येही फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि संडासाच्या भांड्यांचे तुकडे भिंतींत बसवलेले आहेत. ती बाग नेकचंद नावाच्या सरकारी रस्ते निरीक्षकानं १९५७ पासून, नोकरी सांभाळून, कुणाला पत्ता न लागू देता सरकारी जंगलात उभी केली. नवं शहर वसवताना पाडलेल्या गावांचा राडारोडा सायकलवरून नेऊन. १९७५ साली सरकारला पत्ता लागला. बेकायदा म्हणून पाडायची की काय, यावर चर्चा झाली, आणि लोकांनी उचलून धरल्यावर १९७६ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नेकचंदला पगार आणि पन्नास मजूर मिळाले. ही हकिकत मी दादाला सांगितली. तो म्हणाला, “अठरा वर्षं बायकोला पत्ता लागला नाही?” मी म्हणालो, सरकारला. तो म्हणाला, “मग ते सोपं आहे.”

फ्लेक्सचं सांगायचं राहिलं. वाढदिवसाचा फ्लेक्स हा आमच्या भागातला सर्वांत टिकाऊ शेतमाल. सोयाबीनच्या गंजीवर तो, कडब्यावर तो, गोठ्याच्या पाऊस-अंगाला तो. वहिनींनी त्याची रोपांवर सावली केली. त्यामुळं मिरचीच्या रोपांवर एक भावी नेतृत्व गॉगल लावून, हात जोडून पालथं पडलेलं असतं. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पंधरा चेहरे, त्यातल्या पाचांवर ठिबकचं पाणी ठिबकतं. निवडणुकीनंतर त्या नेतृत्वानं पक्ष बदलला, पण सावली तीच राहिली.

आणि मग ती पुण्याची मंडळी आली. नात्यातलेच. मुळशीकडं कुणा मित्राचं कृषी पर्यटन केंद्र आहे, त्याला ‘गावाचा फील’ हवाय. त्यांनी आमचा परस बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. बैलगाडीचं लाकडी चाक, जातं, उखळ, मोटेचं लोखंडी कडं. दराची बोलणी सुरू झाली. आमचा नेहमीचा भंगारवाला नेमका तेव्हाच दारात आला होता. हा माणूस लोखंडाला वजनावर पैसे देतो, लहान पोरांना गारेगार देतो आणि आयुष्यभर मायशी घासाघीस करत आलेला. त्यानं चाकाचा आकडा ऐकला, हातगाडी तिथंच उभी केली आणि मायला म्हणाला, “मावशी, इतकी वर्षं तुम्ही मला लुटायलात.”

चाक द्यायचं ठरतही आलं होतं. पण जात्याची पाळी आली तेव्हा आबा मधे पडले. जनाबाईच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला अशी आख्यायिका आहे. आमच्या जात्याला कुणी लावला नव्हता हे खरं, पण तळी मजबूत होती. वहिनींनी तिच्यावर मनी प्लांटची ती तेलाची बाटली खिडकीतून आणून ठेवलेली होती. आबांनी बाटली उचलून बाजूला ठेवली, जात्यावर बसले आणि म्हणाले, “हे नाही.” पाव्हणे म्हणाले, “आबा, आता दळतं कोण?” तेव्हा माय आतून म्हणाली ते तुम्हाला ठाऊक आहेच.

ते मे महिन्यात लागलं. वळवाचं आभाळ संध्याकाळी पश्चिमेला काळं झालं, धुळीची भिंत आली आणि गोठ्यावरचे पत्रे फडफडायला लागले. एक पत्रा निघाला की रांगेनं सगळे जातात. दादा शिडी लावून वर, मी मधे, बाकी सगळे खाली. “द्या काहीबी जड!” खालून आधी जातं आलं, दोन्ही तळ्या. मग उखळ. मग चाक. मग वहिनींनी स्वतः, कुणी न सांगता, हंसाची मान धरून त्याला मातीसकट ओढत आणलं. टायरं एकामागून एक वर गेली. संडासाचं भांडंही गेलं, गुलबक्षीसकट. वारा तासभर थैमान घालून गेला. शेजाऱ्यांचे दोन पत्रे मारुतीच्या पारावर सापडले. आमचा एकही हलला नाही.

खाली उतरवायचं कुणाच्याच मनात नाही, कारण पावसाळा तोंडावर आहे. आता आमची बाग गोठ्यावर आहे आणि रस्त्यावरून चांगली दिसते. भगवा हंस पश्चिमेकडं तोंड करून बसलाय, त्याच्या पोटात लसणाची पात वाढलीय आणि ती कापायला दादाला शिडी लावावी लागते. पुण्याच्या मंडळींनी फोटो मागवून घेतला, त्यांना म्हणे ‘रूफ गार्डन’ची कल्पना फार आवडली.

पहिला पाऊस झाल्यावर आशाताई वही घेऊन आल्या. परस रिकामा बघून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ गोठ्याकडं बघत राहिल्या.

“माय, पाणी साचतंय का हो पत्र्यावर?”

“पत्र्यावर कशाला साचतंय, पोरी,” माय म्हणाली, “खाली साचतंय. एखादी बूड असलेली बकेट असंल तर बघ तुझ्याकडं.”